टाचेची पारख

३ जानेवारी २००७, बुधवार
सिमेंटच्या दुकानदाराने दिलेली डायरी. पहिली दोन पानं कोरी गेली, त्यात माझा दोष नाही. बकरीद होती. आजपासून नियमित लिहिणार. मराठीत लिहितो. उर्दू वाचता येते, पण लिहायला बसलो की हात अडखळतो. शाळा जिल्हा परिषदेची. शिवाय शकिलाला मराठी वाचायचा कंटाळा आहे, म्हणजे बायकोपासून हे लिखाण सुरक्षित.

मुद्दा: शुगर. चंद्रपूरच्या डॉक्टरने रिपोर्ट बघून चेहरा पाडला. डॉक्टर लोकांना ती सवय असते. सूचना दोन. एक, रोज एक तास चालणे. दुसरी पायांबद्दल काहीतरी बारीकसारीक होती. अनवाणी फिरू नका, रोज तळव्यांखाली आरसा धरून बघा. पन्नाशीला आलेल्या माणसाने आरशात तोंड बघायचं सोडलं, आता तळवे बघायचे! पहिली सूचना मात्र शंभर टक्के पाळणार.

अडचण: घुग्घुस. इथे चालायचं कुठे? रस्त्यावर कोळशाचे ट्रक, मधून शिफ्टवाल्यांच्या मोटरसायकली, वरून धूळ. चालून जेवढं आयुष्य वाढेल तेवढं धूळ खाऊन टाकेल.

उपाय सापडला आहे. उद्यापासून.

५ जानेवारी, शुक्रवार
काल जमलं नाही, लोडशेडिंग. वीज आपल्याच जिल्ह्यात बनते आणि आपल्याच घरात नसते.

उपाय असा. शकिलाचा भाऊ आरिफ, नागपूरला मोबाइलचं दुकान आहे त्याचं. त्याने बकरीदला आमच्या अदीबासाठी डान्स पॅड आणला. अदीबा सातवीत. पॅड म्हणजे प्लास्टिकची चटई, तिच्यावर चार बाण: डावा, उजवा, पुढचा, मागचा. वायर टीव्हीला जोडायची. टीव्हीत गाणं वाजतं, खालून बाण वर चढतात, बाण रेघेला पोचला की चटईवरच्या त्याच बाणावर पाय द्यायचा. वेळेवर दिला तर ‘परफेक्ट’, नाही तर ‘मिस’. गाणं दोन मिनिटांचं. तीस गाणी झाली की एक तास चालणं झालं. घरात, पंख्याखाली.

आज पहिली ट्रायल. अदीबाला एकच मिस. माझे मोजले नाहीत, पण बरेच. मुख्यतः डावा बाण. मी पाय देतो, पॅड घेत नाही.

अदीबा म्हणाली, अब्बा, तुमचा पाय बाणावर पडतच नाही, बाजूला पडतो. खाली बघितलं, तर थोडा बाजूला होता खरा. पण खाली न बघताही माणसाला आपला पाय कुठे आहे ते कळतंच की.

निष्कर्ष: माल चिनी. डावा बाण जन्मतःच खराब.

८ जानेवारी, सोमवार
पॅडची नीट तपासणी केली. सव्वीस वर्षं रेक्झिनचं काम करतोय. मोटरसायकलची सीट, जीपची सीट, दवाखान्याचं बाकडं, सगळं या हातांनी मढवलं. वस्तू किती दिवस टिकेल ते मी वासावरून सांगतो. या चटईला दोन महिने दिले. कडा नुसत्या चिकटवलेल्या, शिवण नाही. आत स्पंजचा पातळ पापुद्रा.

टिकाऊ पॅड कसा असावा याचा विचार केला पाहिजे. घुग्घुसमध्ये हा विचार करू शकेल असा माणूस बहुधा मी एकटाच.

१२ जानेवारी, शुक्रवार
जुम्म्याहून परत आलो तर डाव्या पायात चप्पल नव्हती. मशिदीतून निघताना दोन्ही घातल्या होत्या, नक्की. वाटेत कुठेतरी पडली. अदीबा जाऊन पानठेल्यासमोरून घेऊन आली. ठेलेवाला म्हणे हसत होता.

चपलांचा दर्जा फार घसरला आहे. पूर्वी चप्पल पडली की माणसाला कळायचं.

१९ जानेवारी, शुक्रवार
पॅडवर घसरलो. पॅड हलका, फरशी गुळगुळीत. गुडघ्याला मार, बाकी ठीक. शकिला म्हणाली, तुम्ही पाय उचलत नाही, फरफटवता. (शकिला हिंदीत बोलते. मी इथे मराठी करून लिहितो, त्यात तिचं बोलणं जरा मऊ होतं.) तिने डॉक्टरच्या दुसऱ्या सूचनेची आठवण काढली. तिला ती कशी माहीत? चंद्रपूरला ती सोबत होती, हे विसरलो होतो.

आरिफला फोन केला. तो म्हणाला, बाजारात तीन प्रकार आहेत. एक ही चटई. दुसरा आत जाड फोम असलेला, घडी होणारा. तिसरा लोखंडी, तो इथे मिळत नाही, परदेशातल्या गेमच्या दुकानात असतो. मी म्हटलं, फोमवाला पाठव. फोममध्ये मला कोणी फसवू शकत नाही.

संकल्प: चहा बिनसाखरेचा. सोमवारपासून.

४ फेब्रुवारी, रविवार
फोमवाला पॅड आला. आधी रीतसर परीक्षा.

ही परीक्षा लिहून ठेवतो, कारण ही विद्या माझ्यासोबत जाऊ नये. बल्लारशाहला माझे उस्ताद फोम कधी हाताने दाबून बघत नसत. हात खोटं बोलतो, म्हणायचे, हाताला पाहिजे तेच लागतं. फोम जमिनीवर टाकायचा, अनवाणी उभं राहायचं, डोळे मिटायचे, सगळं वजन टाचेवर. टाच खाली फरशीला लागली तर फोम बाद. टाच अधांतरी राहिली तर माल पास. सव्वीस वर्षांत माझ्या टाचेने एकदाही चुकीचा माल घेतला नाही. कुरियरवाला गठ्ठा टाकून उभा राहतो, मी दुकानाच्या दारात अनवाणी, डोळे मिटून. लोक बघायला थांबतात.

हा पॅड टाचेला एकदम कापसासारखा लागला. खरं म्हणजे अलीकडे सगळाच फोम कापसासारखा लागतो. फरशीसुद्धा. कंपन्यांनी दर्जा सुधारला आहे, हे मान्य केलं पाहिजे.

मग खेळलो. सगळं मिस.

अदीबा खेळली. सगळं परफेक्ट. मुलांचा पाय लहान असतो, बरोबर मध्यभागी बसतो.

११ फेब्रुवारी, रविवार
मुखरू दुकानात येऊन भांडला. खाणीत आहे, दोन महिन्यांपूर्वी मोटरसायकलची सीट करून दिली होती. म्हणाला, गफ्फारभाऊ, या सीटवर बसून वणीपर्यंत गेलो तं दोन दिवस उभ्यानं जेवलो. फोम टाकला का गिट्टी टाकली?

मी सीट उघडून फोम काढला, जमिनीवर टाकला, टाचेने तपासला. कापूस. त्याला तसं सांगितलं. तो इतवारीकडे बघू लागला. इतवारी बारा वर्षांपासून माझ्याकडे मशीनवर शिवतो, शांत माणूस. त्याने फोम हाताने दाबला. हाताने! आणि म्हणाला, भाऊ, गोट्यावाणी लागून राह्यलं हे. मागच्या दोन्ही गठ्ठ्यांचं असंच आहे. मी सांगणारच होतो तुमाले.

मुखरूला नवीन फोम टाकून दिला. फुकट. भांडण नको म्हणून. त्याची बसायची जागाच नाजूक आहे.

इतवारीशी संध्याकाळपर्यंत बोललो नाही.

२० फेब्रुवारी, मंगळवार
फोमवाला पॅड फाडला. अदीबा रडली, पण ज्ञानासाठी काही मोडावं लागतं. आत काय निघालं? दोन पातळ पत्रे, मध्ये भोकं पाडलेला स्पंज. पाय पडला की भोकातून वरचा पत्रा खालच्याला टेकतो, बस. एवढंच. आणि यासाठी लोक नागपूरला जातात.

निर्णय: पॅड मी स्वतः बनवणार. खाली अठरा एमएम प्लायवुड. त्यावर खाणीच्या कोळसा वाहणाऱ्या पट्ट्याचं जाड रबर, भंगारात मिळतं. त्यावर पत्रे आणि स्पंज. वरून ट्रकच्या सीटचं रेक्झिन, दुहेरी शिवण, कडेला आणि प्रत्येक बाणाभोवती खिळे. असा पॅड जगात कोणाकडे नसेल. मी मेलो तरी पॅड राहील.

शकिलाने विचारलं, गोळ्या घेतल्या का? इथे माणूस काय करतोय आणि बायको काय विचारते.

४ मार्च, रविवार
धुळवड, दुकान बंद. शकिलाने जबरदस्तीने बाजेवर बसवलं आणि माझ्या तळव्यांखाली आरसा धरला. मी म्हटलं, बघ, कुठे खरचटलेलंसुद्धा नाही. तिला बघू दिलं. खरंच नव्हतं. तिने दोन्ही तळव्यांना खोबरेल तेल लावलं. लावते आहे हे बघून कळलं, इतका हलका हात आहे तिचा.

आरशाचा विषय आता कायमचा संपला, असं तिला सांगितलं.

१८ मार्च, रविवार
आज दिवसभर पॅडचं काम. अदीबा मदतीला. आमच्या धंद्यात खिळे तोंडात धरायचे असतात. मूठभर बारीक खिळे गालात, जिभेने एकेक ओठावर आणायचा, हातोडीने ठोकायचा, नजर कामावरून हलवायची नाही. अदीबा म्हणाली, गिळला तर? म्हटलं, सव्वीस वर्षांत एक गिळला नाही, एक वाया गेला नाही. तोंडात खिळे असल्यामुळे हे तिला फार उशिरा कळलं.

बाण ऑइल पेंटने रंगवले. डावा लाल, उजवा हिरवा, पुढचा पिवळा, मागचा निळा. जुन्या पॅडची वायर आत जोडली, त्यासाठी शेजारच्या टीव्ही मेकॅनिकला बोलावलं. त्याने पॅड उचलून बघितला, उचलला गेला नाही. म्हणाला, भाऊ, हा पॅड आहे का पाणवठ्याचा धोंडा? मी हसलो. टिकाऊपणाची याहून मोठी पावती नाही.

१९ मार्च, सोमवार, सकाळी ६
उद्घाटन. अदीबाने पहिलं गाणं लावलं. पॅड जागचा हलला नाही. तिने डाव्या बाणावर पाय दिला आणि ओरडली. आतला खिळा फिरून टोक वर आलं होतं. बोटातून रक्त. शकिलाने हळद लावली आणि माझ्याकडे बघितलं.

मी लगेच हातोडी घेतली, डाव्या बाणाभोवतीचे सगळे खिळे पुन्हा ठोकले. मग टाचेने परीक्षा. डोळे मिटून, पूर्ण वजन, प्रत्येक इंचावर. काही लागलं नाही. माल पास.

अदीबाला म्हटलं, ये. ती म्हणाली, अब्बा, अजून आहे, हाताला लागतोय. मी म्हटलं, हात खोटं बोलतो. ती आली नाही. दोन दिवसांत येईल. मुलं अशीच असतात.

२५ मार्च, रविवार
एकट्याने सराव. रोज दहा गाणी. संकल्पापेक्षा कमी, पण सुरुवात आहे. मिस अजून आहेत, पण आता पॅडमुळे नाहीत, गाण्यामुळे. गाणी फार जलद.

एक तक्रार. डाव्या बाणाचा लाल रंग सुटतो. गाणं संपल्यावर फरशीवर लाल ठसे दिसले, दारापर्यंत. ऑइल पेंट आठवड्यात सुकायला पाहिजे. दुकानदाराला जाऊन झापलं. तो म्हणाला, बाकीचे तीन रंग सुटतात का? म्हटलं, नाही. म्हणाला, डबे एकाच कंपनीचे आहेत. उडवाउडवीची उत्तरं. पुढच्या वेळी दुसरीकडून घेणार.

शकिला घरी यायच्या आत फरशी पुसली.

१ एप्रिल, रविवार
रंग अजून सुटतोच आहे. मोजे घालून खेळावं असं ठरवलं. डावा मोजा लाल झाला. बादलीच्या तळाशी लपवून ठेवला.

ऊन बेचाळीसच्या वर. आमच्या टीनाखाली पॅडचं रबर तापतं आणि त्याला वास येतो. गोड, कुजका. अदीबा खोलीत येत नाही. म्हटलं, रबराचा वास आहे, जाईल.

९ एप्रिल, सोमवार
वास वाढला. रबर खाणीच्या भंगारातलं, त्यात काय काय मुरलेलं असेल. दुकानातही वास येतो. बहुतेक कपड्यांना लागला आहे. इतवारीने मशीन दाराजवळ सरकवली. म्हणाला, इथी उजेड बरा पडते भाऊ. नंतर हळूच विचारलं, भाऊ, पाय दाखवता का कोणाले? मी म्हटलं, कोणाचा पाय?

डावी चप्पल घट्ट होते आहे. चपलांबद्दल पूर्वी लिहिलंच आहे.

थोडी कणकण आहे. उन्हाची.

१५ एप्रिल, रविवार
शकिलाने मोजा शोधून काढला.

काय झालं ते क्रमाने लिहितो, कारण तिच्या तोंडून ते भलतंच मोठं वाटेल. तिने मला बाजेवर बसवलं, चप्पल काढली, आरसा धरला. मग आरसा खाली ठेवला. मी विचारलं, काय आहे? ती म्हणाली, बघा. मी म्हटलं, तूच सांग. ती म्हणाली, माझं बोट आत जाईल.

दुखत तर काहीच नाही. दुखत नाही ती जखम कसली? हे मी तिला समजावून सांगितलं. ती उठून पॅडपाशी गेली, डाव्या बाणावरून तळहात फिरवला आणि झटकन मागे घेतला. हाताला रक्त. मला दाखवलं. मग रडली. सव्वीस वर्षांची पारख आहे माझी, असं म्हणालो. ती म्हणाली, तुमची टाच मेली आहे जी. केव्हाची मेली आहे.

हे वाक्य मराठी करूनही मऊ होत नाही.

१६ एप्रिल, सोमवार
सरकारी दवाखाना. ड्रेसिंगच्या प्रेमिला सिस्टर, बोलायला मोकळ्या. जखम बघून त्यांनी एक काडी उचलली. मग म्हणाल्या, डोळे मिटा भाऊ, मी काडीनं टोचते, टोचलं की हो म्हणा.

परीक्षांना मी घाबरत नाही. सिस्टर टोचतात कशा, ते आधी उजव्या पायावर नीट ऐकून घेतलं. त्यांच्या बांगड्या वाजतात. एक, थांबा, एक, थांबा. तीन महिने बाणांवर सराव केला तो वाया गेला नव्हता. डाव्या पायाला ताल धरून हो म्हणत गेलो. हो. हो. हो. एकही चुकला नाही अशी खात्री होती. थोड्या वेळाने डोळे उघडले तर सिस्टर काडी टेबलावर ठेवून माझ्याकडे बघत होत्या. बांगड्या वाजत होत्या त्या शेजारच्या टेबलावर कापूस तोडणाऱ्या बाईच्या.

म्हणाल्या, मी तं कवाचीच थांबली भाऊ. तुमी काऊन हो म्हणून राह्यले?

चंद्रपूरला मोठ्या डॉक्टरकडे आजच जा म्हणाल्या. चिठ्ठी दिली. आज नाही जाता येणार, लग्नसराईतल्या दोन जीपच्या सीटा बाकी आहेत. परवा नक्की.

२२ एप्रिल, रविवार
परवाचं परवा राहिलं. ताप होता, तापात प्रवास करू नये. इतवारी एकटा सीटा करतो आहे. फोम हाताने दाबून घेतो. मी अडवलं नाही.

डाव्या पायाची दोन बोटं काळी दिसतात. घुग्घुसमध्ये काय काळं नाही?

पॅडवर बसून हा मजकूर लिहितो आहे. शिवण बघितली. एक टाका सैल नाही.

२४ एप्रिल, मंगळवार
आरिफ नागपूरहून गाडी घेऊन आला. शकिलाने बोलावलं, मला न विचारता. निघताना अदीबाने माझ्या डाव्या पायात चप्पल घालायचा प्रयत्न केला. जात नव्हती. तिने चप्पल हातात घेतली आणि गाडीत माझ्या शेजारी बसली. चप्पल तिच्या मांडीवर. म्हटलं, परत येताना लागेल, सांभाळ.

२६ एप्रिल, गुरुवार, नागपूर
डॉक्टर तरुण आहे. म्हणाला, आधी बोटं. म्हटलं, दोन बोटं गेली तर माणसाचं काय बिघडतं, बाणावर टाच महत्त्वाची. त्याला बाण कळले नाहीत. समजावून सांगितलं. त्याने आरिफला बाहेर नेलं.

३० एप्रिल, सोमवार, नागपूर
बोटं गेली. काळं वर चढतंय म्हणतात. डॉक्टर पुढच्या ऑपरेशनचा कागद घेऊन आला. शकिलाला मराठी वाचायचा कंटाळा, तरी तिने तो कागद दोनदा वाचला. मी एकदाही नाही.

डॉक्टर म्हणाला, पंधरा दिवस आधी आणलं असतं तर. मी विचारलं, तर काय? त्याने पेन पुढे केलं.

सहीच्या जागी मी सही केली. अक्षर चांगलं आलं.

२ मे, बुधवार, नागपूर
गुडघ्याखाली चार बोटं उरला पाय.

३ जून, रविवार
महिन्याने डायरी हातात. घरी आहे. बाज खिडकीपाशी ठेवली आहे. लोक येऊन गेले. मुखरू आला, पपई घेऊन. बराच वेळ बसला. सीट आता बरी आहे, म्हणाला. इतवारीने केलेली.

डावी चप्पल सैल की घट्ट, हा प्रश्न आता उरला नाही. विनोद होता. कोणी हसलं नाही. लिहून ठेवतो.

संकल्प: कुबड्यांना खाली रबर लावणे. जाड. बाजारातलं टिकत नाही.

१० जून, रविवार
आरिफचा फोन. पॅड भंगारात द्यायचा का, विचारत होता. म्हटलं, थांब. अदीबाला सांगितलं, जरा तपासून सांग. तिने टीव्ही लावला, गुडघ्यांवर बसली आणि हातांनी बाण दाबून बघितले. डावा, उजवा, पुढचा, मागचा. चारही लागतात. डावासुद्धा, तो तिने खिळा चुकवून दाबला. शिवण शाबूत, रेक्झिन शाबूत, खिळे शाबूत. रंग कुठेच सुटलेला नाही. लाल अजून नवा दिसतो.

तिला विचारलं, खेळशील का? नाही म्हणाली. टीव्ही बंद केला आणि गृहपाठ घेऊन बसली.

पॅड पास.

१७ जून, रविवार, दुपार
डाव्या टाचेत खिळा टोचतो आहे.

आधी वाटलं भास. मग थेट. बरोबर कुठे ते सांगता येतं: टाचेच्या मध्यापासून जरा आतल्या बाजूला. बारीक खिळा, टोक वर. गाणं लागलं की दर बाणाला एकदा, तसा. महिनाभर मी त्यावर उभा होतो तेव्हा हा कुठे होता?

शकिलाला हाक मारली. म्हटलं, खिळा वर आला आहे, टोचतोय, लाल बाणावर, आतल्या बाजूला. तिने चादरीकडे बघितलं. डावीकडे चादर सपाट आहे. मला वाटलं, आता ती चादर उचलून दाखवेल.

तिने काही दाखवलं नाही. हातोडी आणली, पॅडपाशी जमिनीवर बसली. विचारलं, इथे? म्हटलं, जरा आत. तिने ठोकलं. विचारलं, अजून? म्हटलं, अजून. ती ठोकत राहिली. अदीबा पुस्तकातून डोकं वर काढून बघत होती. ठोकून झाल्यावर शकिलाने तिथून तळहात फिरवला, सावकाश, पुन्हा पुन्हा.

मग विचारलं, आता बरं वाटतं?

म्हटलं, हो.

खोटं बोललो. टोचतंच आहे.